कापसाच्या खोलीतला अल्बम

दिगंबरकाका गाण्याची ओळ सुरू करण्यापूर्वी पोटाच्या तळातून एक दीर्घ, कंपायमान हुंकार काढतात. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेजारच्या लक्ष्मम्मा मूठभर ओवा घेऊन धावत आल्या होत्या. "एमैंदी अन्ना, कडुपु नोप्पा?" काकांचे पोट दुखत असावे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. काका दुखावले, पण पोटात नव्हे.

"पोट नाई दुखून राह्यलं बाई, आत्मा गाऊन राह्यला!"

तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरमध्ये हा गाणारा आत्मा जवळच्या इचोड्याहून आला. तिथल्या एका ढाब्यावर उभ्या असलेल्या ट्रकमधून कुण्या परदेशी गायकाचा प्रेमगीतांचा अल्बम झिरपत होता. खर्जातला, मधासारखा दाट आवाज. काकांच्या कपातला चहा निवला, त्यावर साय धरली, तरी काका जागचे हलले नाहीत. ड्रायव्हरने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: या गायकीला 'सोल', म्हणजे आत्मा, म्हणतात आणि असा अल्बम स्टुडिओत होतो. सारी गाणी फोनमध्ये भरून घेऊनच काका परतले.

"इंग्रजी समजतं का, काका?" मी विचारले.

"त्यात समजाचं काय हाय? मानूस बाईची मनधरनी करून राह्यला, अन् बाई आयकून नाई राह्यली. एवढं त मले घरीच समजते."

त्यांनी स्वतःच्या अल्बमची घोषणा केली. स्टुडिओ घरातच निघाला. वेचणीचा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला होता. त्या खोलीत उच्चारलेला शब्द भिंतीवर आपटून परतत नाही. दुधात बत्तासा विरावा तसा विरून जातो. उन्हाचा, धुळीचा आणि सरकीचा तेलकट, उबदार गंध तिथे भरून असतो. परंतु साठवलेल्या कापसाला आणखी एक गुण आहे, तो म्हणजे खाज. विरहाच्या सर्वांत उत्कट जागी काकांचा स्वर जो थरथरतो, त्याचे श्रेय दर्दाला देऊ नये. त्या क्षणी ते फोन एका हातात धरून दुसऱ्याने पाठ खाजवत असतात.

गाणी लिहिण्यासाठी मला पाचारण झाले, कारण मी कविता करते अशी गावात वदंता आहे. मी मन लावून चांदणे लिहिले, प्राजक्त लिहिला, ओल्या मातीचा दरवळ लिहिला. काका कागदाकडे पाहतच राहिले.

"चांदनं काऊन? चांदन्यात आमी कवा बसलो? फवारनी करून आलो का माह्या हातावर पानी टाकते थे. थे लिही."

मी चांदणे खोडून पाणी लिहिले. प्राजक्ताच्या जागी अंबाडीची भाजी आली.

'थे' म्हणजे इंदूकाकू. या घरी नवराबायकोने एकमेकांशी थेट बोलणे असभ्य समजले जाते. मधे तिसरे माणूस लागते, आणि हल्ली ते माणूस मी असते. काकू हाताच्या अंतरावर बसलेल्या असतात.

"सांग तुह्या काकूले, चहा ठेव म्हना."

"सांग त्याईले, चुलीवरच हाय."

ज्या स्त्रीसाठी आठ-दहा प्रेमगीते रचली गेली, तिच्याशी गायकाचे बोलणे असे माझ्यामार्फत चाले.

दरम्यान काकूंना हैदराबादला जायचे होते. तिथल्या लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळ सांभाळायला, म्हणजे वर्ष-दोन वर्षांसाठी, काकूंनीच जायचे ठरले होते. पण कापूस ही घरची लक्ष्मी. तिला घरात ठेवून घरच्या बाईने परगावी जायचे नाही, हा काकूंच्या सासूपासूनचा नेम. म्हणजे आधी कापूस निघणार, मग काकू. भाव चांगला होता. गावाने कापूस विकला. काका मात्र रोज नवे गाणे काढत. व्यापारी दोनदा येऊन गेला. "अल्बम व्हाचा हाय," एवढेच उत्तर. लोक म्हणाले, भावासाठी अडून बसला. काही म्हणाले, कलावंत झाला.

काकूंचा निरोप अधिक नेमका होता. "सांग त्याईले, आत्मा भायेर काढून झाला असंल त कापूसबी भायेर काढा म्हना. पोरगी तिकडे रडून राह्यली."

एका दुपारी लेकीचा फोन काकांनीच उचलला. पलीकडे बाळ रडत होते आणि बाळाची आईही. त्या दिवशी हुंकार उमटला नाही. दुसऱ्या सकाळी व्यापाऱ्याची गाडी दारात होती.

खोली रिकामी झाली. जमिनीवर पांढरे तंतू तेवढे उरले. मी म्हणाले, "काका, अल्बम अपुरा राहिला."

"अल्बम कोनाले पाह्यजे होता, पोरी?"

इचोड्याला हैदराबादची बस आली. काकू खिडकीशी बसल्या. पिशवी ठेवायला काका वर चढले आणि बस सुटली तरी उतरले नाहीत. "नेरडीगोंड्याले उतरतो!" त्यांनी दारातून मला ओरडून सांगितले. ते गाव तिथून अगदी जवळ; निर्मल शहर त्याच्याही बरेच पुढे.

सांज कलताना त्यांचा फोन आला. काही ऐकूच येईना. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"निर्मल बी गेलं मांगं," काका कुजबुजले.

"मोठ्यानं बोला ना, काका!"

"हळू, पोरी. माह्या खांद्यावर झोपली हाय थे."