अंगठ्यावरचा स्फटिक

"अहो, चहा गार होतोय," स्वयंपाकघरातून पुन्हा हाक आली.

"आलोच," निवृत्त ग्रंथपाल म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर शेंगदाण्याएवढा एक हिरवागार स्फटिक घट्ट चिकटून बसला होता, आणि तो त्यांच्या मित्राचा होता.

स्फटिक डायोप्टेजचा होता. तांब्याच्या खाणीत सापडणारं हे खनिज. रंग पाचूचा आणि स्वभाव अंड्याच्या टरफलाचा. जरा धक्का लागला की तुटलं. अशी हिरवी खनिजं जमवण्याचा नाद ग्रंथपालांना होता आणि त्यांच्या जुन्या मित्रालाही. मित्र दंतवैद्य होते. डायोप्टेजचा एकेक नमुना दोघांकडेही होता. दंतवैद्यांचा उद्याच्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर दिव्याखाली बसणार होता. ग्रंथपालांचा समितीने "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवला होता. ग्रंथपालांना त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. आपला नमुना आपल्यासारखाच, चारचौघांत नेण्याजोगा नाही, असं त्यांचं मत समितीच्याही आधीपासून होतं.

सकाळी दंतवैद्य स्वतःचा नमुना डब्यात घालून घेऊन आले होते.

"तुझं अक्षर चांगलं आहे. याच्यापुढे ठेवायचं कार्ड तेवढं लिही. संध्याकाळी घेऊन जातो. आणि हे बघ, जीव गेला तरी चालेल..."

"कुणाचा?"

"तुझा. पण याला काही होता कामा नये."

ग्रंथपालांनी दोन्ही नमुने काळ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. रंग ताडून पाहिले, कार्ड लिहिलं, मऊ ब्रशाने दोन्हींवरची धूळ झटकली. त्या धुळीनेच त्यांना शिंक आली. साधीसुधी नव्हे, टेबल हलवणारी. डोळे उघडले तेव्हा दोन नमुन्यांच्या मधे फडक्यावर एक स्फटिक सुटा पडला होता.

दंतवैद्यांच्या नमुन्यात मधोमध एक काळी फट दिसत होती. झालं. याहून जास्त तपास करायची गरज ग्रंथपालांना वाटली नाही. आजवर त्यांच्या हातून जे मोडलं, सांडलं किंवा हरवलं, ते नेहमी दुसऱ्याचंच निघालं होतं. स्वतःचा नमुना त्यांनी निदान तो तरी वाचावा म्हणून घाईघाईने कपाटात सरकवला आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी शोधून काढली. नळीतून आधी काहीच येईना. मग सगळंच आलं. स्फटिक फटीपर्यंत पोचलाच नाही.

शेवटी चहाचा कप घेऊन बायकोच खोलीत आली.

"हे काय? अंगठी केलीत? आणि ती अंगठ्यात?"

ग्रंथपालांनी सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला, अंगठा धरला आणि ओढून पाहिला.

"हळू! तुटेल!"

"काय, अंगठा?"

"स्फटिक!"

कोमट पाणी झालं, साबण झाला, खोबरेल तेल झालं. स्फटिक आणखीच चमकायला लागला. शेजारच्या वहिनींकडून नखांचा रंग उतरवायचं औषध आणते, असं ती म्हणाली. पण त्याने नखांऐवजी स्फटिकाचाच रंग उतरला तर? ग्रंथपालांनी खनिजांचा जाडजूड ग्रंथ काढला. डायोप्टेजचा कठीणपणा किती, घनता किती, तो कोणत्या आम्लात विरघळतो, सगळं त्यात होतं. अंगठ्यावरून कसा काढावा, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

"सरळ सांगून टाका ना भावजींना."

"सांगू? त्याने तो नमुना लेकीच्या लग्नाइतक्या हौसेने आणलाय. पुन्हा माझं तोंड बघणार नाही तो."

"मग लपवणार कुठे? पायजम्याला खिसा नाही."

तेवढ्यात घंटा वाजली. ग्रंथपालांनी डाव्या हाताने मित्राचा नमुना डब्यात घालून झाकण लावलं. दंतवैद्य आले होते, तेही लवकर.

"शेवटचा पेशंट खुर्ची बघूनच पळाला," आत येत ते म्हणाले. "म्हटलं, चला. झालं का कार्ड?"

ग्रंथपालांनी अंगठा खनिजांच्या ग्रंथात खुपसला आणि ग्रंथ छातीशी धरला. डाव्या हाताने त्यांनी कार्ड पुढे केलं. डाव्याच हाताने चहा उचलला आणि निम्मा बशीत, निम्मा पायजम्यावर सांडला.

"कुठलं पुस्तक ते? खाली तरी ठेव."

"खूण ठेवलीय."

"अंगठ्याची?"

"म्हणजे... महत्त्वाचं पान आहे."

दंतवैद्यांनी मित्राकडे निरखून पाहिलं. कपाळावर घाम, ओठ कोरडे. "काय होतंय तुला?"

बायकोला ग्रंथपालांची दया आली आणि तिने तोंडाला येईल ते ठोकून दिलं. "दाढ दुखतेय हो त्यांची. सकाळपासून."

दंतवैद्यासमोर देण्याचं हे कारण नव्हे, हे तिला शब्द बाहेर पडल्यावर कळलं. दंतवैद्य तोवर बाह्या सरसावून उभे राहिले होते.

"मग बोलायचं नाही का? आ कर."

"नाही, आता बरं..."

"आ!"

ग्रंथपालांनी आ केला. दंतवैद्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि एका हाताने त्यांचा गाल ताणला. "कुठली? ही? का ही? वहिनी, चमचा द्या एक. अरे, ही खरंच हलतेय की! धर जरा बॅटरी. दोन्ही हात लागतील मला."

ग्रंथपालांच्या डाव्या हातात कप होता. उघड्या तोंडाच्या माणसाला विचार करता येत नाही. त्यांनी ग्रंथ सोडला आणि उजव्या हाताने बॅटरी धरली. ग्रंथ दंतवैद्यांच्या पायावर पडला, आणि दंतवैद्य ओरडायचं विसरले. बॅटरीच्या उजेडात अंगठ्यावरचा स्फटिक पेटल्यासारखा झाला होता. भिंतीवर एक हिरवा ठिपका थरथरत होता.

"हे काय आहे?"

"आ... आ..."

"तोंड मीट आणि बोल! काय रंग आहे हा! इतका स्वच्छ स्फटिक माझ्याकडेसुद्धा नाही. कुठून आणलास?"

ग्रंथपालांनी तोंड मिटलं. बायकोनेच सांगितलं. "तुमचाच आहे, भावजी. यांना शिंक आली."

दंतवैद्यांनी बॅटरी काढून घेतली, डबा उघडला आणि आपला नमुना तोंडात डोकवावं तसा वर, खाली, आतल्या बाजूने तपासला. ग्रंथपाल डोळे मिटून उभे होते. इतक्या वर्षांच्या मैत्रीत अजून बोलायचं राहून गेलेलं बरंच काही त्यांना आठवत होतं.

"सगळे जागच्या जागी आहेत," दंतवैद्य म्हणाले.

"मधली ती फट?"

"पहिल्यापासून आहे. अरे, जन्मभर लोकांचे दात बघतोय मी. माझ्यातला एक पडला तर मला कळणार नाही होय?"

बायकोने कपाट उघडलं. ग्रंथपालांच्या नमुन्यावर अगदी पुढच्या बाजूला, कोणालाही दिसावी अशी, एक पांढरीस्वच्छ मोकळी जागा होती.

"तुझा गेला रे," दंतवैद्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नेमका पुढचाच. वाईट झालं."

"माझा?" ग्रंथपाल म्हणाले. "नक्की माझाच?" त्यांनी नमुना हातात घेतला, मोकळी जागा डोळे भरून पाहिली आणि ते हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले, उरलेला गार चहा पिऊन टाकला आणि आणखी मागितला.

"स्वतःचं मोडलं म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी तरी पाहिला नाही," बायको म्हणाली, पण आधण ठेवायला गेली.

दंतवैद्य मात्र हसले नाहीत. त्यांनी तो अंगठा बॅटरीच्या उजेडात इकडून तिकडून फिरवून पाहिला. "खडकावर दाटीत होता तेव्हा हा दिसलाच नव्हता मला. काढायचं औषध दवाखान्यात आहे, रंगाला काही होत नाही त्याने. पण उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे."

"का?"

"समितीत मी आहे ना. दारापाशी एक टेबल रिकामं आहे."

"दारापाशी? लोकांसमोर? नाही रे, मला नाही जमायचं."

"तुला कोण बघतंय? अंगठ्याला बोलावलंय. आणि दाढेचंही उद्याच बघू. ती काढावीच लागेल."

दुसऱ्या दिवशी दारापाशी काळ्या मखमलीवर उजवा हात ठेवून ग्रंथपाल बसले होते. पुढे त्यांच्याच वळणदार अक्षरातलं कार्ड होतं : 'डायोप्टेज. रंग गडद हिरवा. आधार : निवृत्त ग्रंथपाल.' खाली दंतवैद्यांनी ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली होती. मधल्या टेबलाकडे निघालेले लोक दारापाशीच थबकत, वाकत, "जरा असा वळवता का?" म्हणत, आणि ग्रंथपाल वळवत. मुख्य पाहुणे आले. त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, कार्डावरची ती ठळक ओळ वाचली आणि हात अदबीने मागे घेतला.

'कृपया नमुन्याला हात लावू नये.'

सभासमारंभांत माणसं भेटली की काय करायचं, हे कोडं ग्रंथपालांना आयुष्यभर पडत आलं होतं. त्यांनी मखमलीवर हात जरा ऐसपैस ठेवला आणि डाव्या हाताने मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं.