गाडीच्या कपाळाची हळद

शोभाबाईंच्या घरी दसऱ्याला पूजेवाचून काही सुटत नसे. दुकानातला तराजू, शिलाई मशीन, मिक्सर, यजमान पुंडलिकरावांची मोपेड, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. यंदा त्यात एक रेल्वेही होती. त्यांच्या देवळी गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. ही होती हातभर लांबीची, काचेच्या पेटीतली. पांढरी, जांभळ्या पट्ट्याची, नव्या धाटणीची विजेवरची लोकल. शोभाबाईंचे भासरे, म्हणजे थोरले दीर, प्रभाकरराव चौतीस वर्षं मुंबईच्या कारशेडात मेकॅनिक होते. निवृत्त होताना सोबत्यांनी दिलेली ती प्रतिकृती त्यांनी, घराला रंग होईस्तोवर, धाकट्या भावाकडे ठेवली होती. "हात नका लावू," एवढंच म्हणाले होते. बावीस वर्षांत शोभाबाई भासऱ्यांशी "चहा घ्या" यापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्यांनी नुसती मान हलवली होती.

पण दसऱ्याला गाडी बिनपूजेची कशी ठेवायची?

त्यांनी शोकेसवरची पेटी उघडली, गाडी बाहेर काढली, तिच्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं. इथवर ठीक होतं. पण मोपेडच्या चाकांखाली ठेवून एक लिंबू उरलं होतं. ते त्यांनी गाडीच्या चाकासमोर ठेवलं आणि मागून हळूच ढकललं. लिंबू काही चिरडलं नाही. गाडीच लिंबावर चढली, कलंडली आणि शोकेसवरून चटईवर आली.

छपरावरची, वरच्या तारेला टेकणारी दांडी दोन तुकडे होऊन पडली. शेजारी उदबत्तीची तुटकी काडी होती. पूजेतली असेल म्हणून शोभाबाईंनी ती उचलून फेकली.

"काय पडलं वो?" पुंडलिकराव दुकानातून आत आले.

"रेल्वे पडली."

पुंडलिकराव खालीच बसले. "दादा संध्याकाळी सोनं द्यायले येऊन राह्यले. आधी ते हळद तरी पूस."

शोभाबाईंनी घाईत धुण्याचा साबण घेतला. हळदीला साबण लागला की काय होतं, हे जन्मभर पातळं धुतलेल्या बाईला सांगायला नको. पण ते त्यांना गाडीचं तोंड लालभडक झाल्यावर आठवलं.

"आता हिले राग आला का?"

"तुमी चूप बसा. लिंबू आना."

"लिंबानंच तं हे सारं केलं."

लिंबू चोळल्यावर लाल गेलं. पिवळं मात्र जागचं हललं नाही. दांडीसाठी लेक सपनानं केसातली पिन काढून, वाकवून दिली. पुंडलिकरावांनी झटपट चिकटणारा गोंद लावला आणि पिन अंगठ्यानं दाबून धरली. पक्की बसू दे म्हणून जरा जास्तच धरली. पिन पक्की बसली. अंगठाही बसला.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "पुंडलिक, हायेस का?"

प्रभाकरराव आपट्याची पानं घेऊन आत आले. पुंडलिकरावांचे हात पाठीमागे.

"सोनं घे."

"ठेवा ना दादा तिथंच."

"सोनं का ठेवायचं असते? हात काढ."

पुंडलिकरावांनी डावा काढला.

"उजवा."

उजवा हात पुढे आला, सोबत गाडीही आली.

शोभाबाई पदर सावरून पुढे झाल्या. "भाऊजी, यांचा दोष नाई. गाडी मी पाडली. दांडीबी मायाच हातानं मोडली."

प्रभाकररावांनी चष्मा पुसून गाडीचं पिवळं कपाळ पाहिलं.

"कारशेडात दर दसऱ्याले असंच लागे," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत निघे नाई. सकाळपासून वाटून राह्यलं होतं, यंदा पुजाले आपल्याजवळ एकबी गाडी नाई."

मग मागून बायको येत नाही ना, म्हणून दाराकडे बघत त्यांनी आवाज उतरवला. "आन दांडी तुमी नाई मोडली, शोभाबाई. वर्ध्याले उतरताना मायाच्यानंच मोडली. उदबत्तीची काडी लावून टेकवली होती. सुलोचनानं पाह्यलं असतं तं मले जेऊ नसतं देलं. रंगाचं निमित्त केलं. म्हटलं, तुमच्या घरी कोनाचा ना कोनाचा हात लागनच."

शोभाबाईंना फेकलेली काडी आठवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या भासऱ्यांसमोर हसल्या.

अंगणात सुलोचनाबाईंच्या चपला वाजल्या.

"तिले सांगजा, तुमच्याकडूनच मोडली," प्रभाकरराव घाईनं म्हणाले.

"सांगतो," शोभाबाई म्हणाल्या. "पन मंग हात नका लावू म्हनायचं नाई. दरसाल पूजा मीच करन."

या वेळी मान प्रभाकररावांनी हलवली.

"दादा," पुंडलिकराव म्हणाले, "माया अंगठ्याचं पाहा ना कोनी."