गुलाबी पूल

साहेब जुना पूल पाहायला येणार, म्हणून गुणवंतरावांनी तो गुलाबी रंगवून घेतला.

आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की आधी रंगाचा डबा उघडतो. झाडांना गेरू, दगडांना चुना. मागच्या साहेबासाठी गोंडपिपरीजवळच्या या गावानं हातपंपसुद्धा रंगवला होता. पाणी त्याला आजही नाही.

गुणवंतराव माजी सरपंच. त्यांच्या काळात नाल्यावर नवा पूल झाला आणि दुसऱ्याच पुरात त्याचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून गाव त्यांना तोंडावर 'भाऊ' म्हणतं आणि गावातल्या इसरूच्या सिमेंटच्या ओट्यावर बसून, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत 'पूलखाऊ' म्हणतं. पुलाच्याच वर्षी झालेल्या या ओट्याचं सिमेंट कुठून आलं, हे मात्र तिथं बसून कोणी विचारत नाही.

शेजारचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल अजून धानाचे ट्रॅक्टर वाहतो. रस्ता रुंद करायला आता तोच पाडणार होते. वारसा म्हणून नोंद झाली तरच वाचणार. पूलही वाचेल आणि नावाचा डागही जाईल, म्हणून गुणवंतरावांनी चंद्रपूरला खेटे घालून नोंद करणाऱ्या साहेबाला बोलावलं होतं.

गुणवंतरावांची बायको रुखमाबाई त्यांचा डबा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हे काय करून ठेवलं जी?"

"रंगवला. शोभते ना?"

"साहेब जुना पूल पाह्याले येऊन राह्यला ना? मंग त्याले नवरदेव काऊन केलं?"

गुणवंतरावांनी डबा न उघडताच बाजूला ठेवला.

मग धावाधाव. रॉकेलनं पुसायला गेले, तर रंग आणखी पसरला. इसरू म्हणाला, "शेण लावू भाऊ. शेणानं सारं जुनं दिसते." शेण लावलं. पूल सणासाठी सारवलेल्या घरासारखा दिसू लागला. तेवढ्यात गाडी आलीच.

साहेब तरणे, बूट पांढरे. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हा तर नवा आहे. वासही ताजाच. जुना कुठंय?"

कोणी बोलायच्या आत त्यांची नजर नाल्याच्या खालच्या अंगाला गेली. खचलेले खांब, लोंबणारा स्लॅब, शेवाळ, फटीतून वर आलेला पिंपळ.

"अहाहा! याचीच नोंद करू. दीडशे वर्षांचा असेल, नाही?"

इसरूनं खर्रा थुंकला. "बांधनारा इथीच हाय साहेब. जित्ता."

गुणवंतरावांनी फक्त गप्प राहायचं होतं. त्यांचा पूल वारसा ठरला असता, दगडी पूल पाडला गेला असता आणि पुन्हा कोणी काही विचारलं नसतं. पण रुखमाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"तो म्या बांधला साहेब," ते म्हणाले. "सहा वर्सं झाले."

साहेबांना आधी ती थट्टाच वाटली. मग ते हसायचे थांबले. "आणि हा गुलाबी?"

"हा इंग्रजाचा."

"पुरावा काय?"

शेणानं भरलेले हात पाठीमागे लपवत, मान वर न करता गुणवंतराव म्हणाले, "उभा हाय ना साहेब? मंग तो आमचा नाई."

दगडी पुलाची नोंद झाली.

त्या सांजेला इसरू आपल्या ओट्यावर बसला नाही. अंगणात, मातीत बसला.