पिराजीसाठी दोन इंग्रजी चिठ्ठ्या

आमच्या गल्लीत इंग्रजी लिहावं तर मीच! सव्वीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवतोय, चेष्टा नव्हे. म्हणून समोरचा पिराजी पैलवान चिठ्ठी मागायला आला, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

"मास्तर, शाहूपुरीत हंबीररावांच्या गुळाच्या गोदामावर राखणदार पायजे हाय. माझ्यासाठी इंग्रजीत झकास लिवा की! पाडव्याच्या आत नोकरी न्हाय लागली, तर बनाबाईचा बा तिला दुसरीकडं देणार हाय!"

एवढंच ना? माणूस निरुपद्रवी आहे, हे इंग्रज ज्या झोकात सांगतो त्याच झोकात मी लिहिलं, 'ही वुडन्ट हर्ट अ फ्लाय!' माशीलासुद्धा इजा करणार नाही! त्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पिराजी पडलेल्या चेहऱ्यानं हजर.

"काय लिवलंय मास्तर तुमी? कारकुनानं मराठीत करून सांगितलं, तर मालक म्हणालं, 'गोदामात माशाच माशा, आन ह्यो गडी माशीबी मारत न्हाय? मग चोर आला तर त्येला ओवाळणार व्हय?'"

माझं डोकंच फिरलं! या लोकांना इंग्रजीतली नजाकत काय कळणार, कपाळ? इजाच हवी ना? घ्या! एका कोर्टाच्या कागदातले शब्द उचलले आणि ठणकावून लिहिलं, की हा माणूस कुणालाही 'ग्रीव्हस हार्म', म्हणजे जबर इजा, करू शकतो.

संध्याकाळी कळलं, हंबीररावांनी घाबरून ती चिठ्ठी पोलिसांना दाखवली आणि पिराजीला तालमीतून लंगोटावरच चौकीत नेलं! मी धावत सुटलो. चौकीत हंबीरराव बसलेच होते. मी धापा टाकत म्हणालो, "त्याचं असं आहे, इंग्रजीत जेव्हा आपण..."

"थांबा!" हंबीररावांनी मला अडवलं. "मराठी येतंय न्हवं तुमास्नी?"

"येतं."

"मग गडी कसा हाय त्ये मराठीत सांगा."

"सरळ आहे. पण चोर दिसला तर उचलून आपटेल."

"आवं, मग ह्येच लिवायचं हुतं की!"

पिराजीला तिथल्या तिथं नोकरी लागली. चार दिवसांनी मी मोठ्या ऐटीत गोदामावर गेलो, तर खाकी कपड्यातल्या पिराजीनं काठी आडवी घातली.

"मास्तर, आत न्हाय सोडायचं. मालकांचा पयला हुकूम हाय."

"कुणालाच नाही?"

"बाकी कुणालाबी चालतंय. फकस्त तुमास्नी न्हाय!"

त्याच्या लग्नपत्रिकेचा इंग्रजी मसुदा करून नेला होता. तो मी गुपचूप परत खिशात घातला.