मागची ओळ

आमच्या कोंडबामामांना काहीही सांगा, ते तुमच्या वाक्याचं शेपूट उचलतात, वरच्या पट्टीत नेतात आणि तुम्हालाच परत देतात. बदली होऊन मी कुरुंद्याच्या शाळेत आले आणि त्यांच्या शेजारी राहायला लागले. पहिल्याच सकाळी सहज म्हटलं, "मामा, आज नळाला पाणी आलं नाही." मामांनी एक हात कानावर ठेवला आणि सूर लावला, "आलं न्हाई, जी जी, आलं न्हाई." म्हातारा माझी चेष्टा करतोय असं वाटून मी घरात आले आणि दाराला कडी लावली.

नंतर कळलं, ही चेष्टा नव्हती, जन्माची सवय होती. आमच्या गावात लिंबाजीबुवा म्हणून एक गाणारे होते. गाणी स्वतः रचायचे, स्वतः गायचे. हळद, एसटी, सासू, मोबाइलचा टॉवर, त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. बुवा पुढची ओळ टाकायचे आणि त्यांच्या मागं उभे राहून मामा दुसरी ओळ उचलायचे. याला झील धरणं म्हणतात. मामांनी ती बुवांची धरली, आणि पुढं जो भेटेल त्याची धरायला लागले.

याचे परिणाम भयंकर होत. एकदा मामांचा चेहरा उतरलेला बघून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पोटात दुखतं?" मामा म्हणाले, "पोटात दुखतं." "छातीत दुखतं?" "छातीत दुखतं." गुडघ्यापर्यंत हे असंच चाललं. पिशवीभर गोळ्या घेऊन घरी आलो तेव्हा कळलं की दुखत होती दाढ. मी हबकून विचारलं, "मामा, मग सांगितलं काहून नाही?" तर म्हणे, "डॉक्टरनं दाढेचं नावच घेतलं न्हाई, बाई."

मामांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला जिल्ह्यातल्याच गोरेगावला गेलो, तेव्हा शिकलेलं माणूस म्हणून मलाही जीपमध्ये कोंबलं होतं. मुलीचा बाप बिचारा प्रामाणिक. तो म्हणाला, "पोरगी जरा तापट हाय, आधीच सांगून ठेवतो." मामांनी डोळे मिटून झील धरली, "तापट हाय, जी जी, तापट हाय." आता काठ्या निघणार म्हणून मी चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात आतून मुलीचं खदखदून हसणं ऐकू आलं आणि सोयरीक जमली. तीच आता मामांना दोन वेळ गरम भाकरी करून घालते.

गेल्या वर्षी बुवा गेले. तेव्हापासून चहाच्या हॉटेलात रोज ज्याचं त्याचं आवडतं गाणं निघतं, ज्याची त्याची आठवण निघते. मामा कोपऱ्यात बसून ऐकतात. कुणी म्हणालं, "बुवासारखा आवाज न्हाई," की हे म्हणणार, "आवाज न्हाईच. बारमाही सर्दी व्हती त्याला." कुणी म्हणालं, "बुवा म्हणजे देवमाणूस," की हे, "माणूस व्हता. माझ्या चपला घालून जायचा." गेलेल्या माणसाबद्दल, तेही जिवलग मित्राबद्दल असं बोलणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मला मामांचा रागच आला.

पण काम त्यांच्याशीच होतं. बुवांनी आयुष्यात एक ओळ कागदावर उतरवली नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये गाणं कमी आणि जनरेटरचा आवाज जास्त. मी पडले मराठीची बाई. वहीत न उतरलेलं मला बुडालेलंच वाटतं. म्हणून नवी कोरी दोनशे पानी वही घेऊन मी मामांपुढं बसले आणि एसटीचं गाणं सांगायला लावलं. मामांनी भराभर सांगितलं, मी भराभर लिहिलं. वाचून बघते तर, "कोंबडी बसली शिटावर, कंडक्टर म्हणतो सरा सरा." सगळ्या मागच्याच ओळी.

"मामा, पुढच्या ओळी?"

"त्या बुवाच्या."

"पण तुम्हाला येतात ना?"

"येतात की. पर त्या बुवाच्या."

वर्षभर मी खनपटीला बसले. वहीत निम्म्या ओळी भरल्या आणि निम्म्या कोऱ्या राहिल्या.

बुवांच्या वर्षश्राद्धाला दुपारची जेवणं झाल्यावर मारुतीसमोर सगळे जमले. वारंगा फाट्याला दिलेली बुवांची मुलगी सुमन आली होती. तिच्या पाठवणीला बुवांनी एक गाणं रचलं होतं. मांडवात एकदाच म्हटलं, पुढं फक्त घरी, मामांना घेऊन. सुमन म्हणाली, "काका, त्या दिवशी मी निसती रडून राहिले व्हते. एक ओळ ध्यानात न्हाई. मला माझं गाणं पाहिजे."

मामा उठले, कानावर हात ठेवला आणि गप्प उभे राहिले. बराच वेळ गेला. मग एकदम आवाज चढला, "लागली गं गालाला." पुन्हा सगळं शांत. मग, "धूळ उरली दाराला." मागं पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षश्राद्धाला सुद्धा हा हट्टीपणा, आणि समोर ती लेक पदर पसरून बसलेली. मी पुढं होऊन दटावलं, "मामा, पुढची ओळ म्हणा. तिच्यासाठी तरी."

मामांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "थांबा बाई," ते म्हणाले, "हितं तो खोकायचा."

हसणं जागच्या जागी थांबलं. मामा गप्प नव्हतेच. बुवा जेवढा वेळ गात, तेवढा वेळ ते त्यांच्यासाठी मोकळा ठेवत होते. वर्षभर मी या माणसाला दगड समजत होते, याची मला लाज वाटली.

सुमन हळूच म्हणाली, "काका, खोकला न्हवता तो."

"न्हवता," मामा म्हणाले. "मला माहीत हाय."

ती उठून त्यांच्याजवळ गेली. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होती. मग तिनं म्हटलं, "बाप म्हणतो, जा गं बाई..."

मामा दोन पावलं मागं सरले, तिच्या डाव्या खांद्यामागं उभे राहिले आणि त्यांनी ओळ उचलली, "पाय अडला उंबऱ्याला."