ओळख न सांगणारे आमदार

निवडून आल्या आल्या नव्या आमदारांनी स्वतःपुरती काही तत्त्वं ठरवली आणि गप्प राहवेना म्हणून ती सत्काराच्या भाषणात जाहीरही करून टाकली. वशिला लावायचा नाही. रांग मोडायची नाही. आणि ‘मी कोण आहे, माहीत आहे का?’ हे वाक्य मेलो तरी तोंडातून काढायचं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको तेवढी हात बांधून बसली होती. या माणसाची तत्त्वं निस्तरता निस्तरता तिचे अर्धे केस पिकले होते.

पुलाच्या ठरावावर मतदान होतं त्या दिवशी आमदार विधानसभेच्या दारात पोचले आणि खिसे चाचपू लागले. ओळखपत्र दुसऱ्या कोटात राहिलं होतं. सोबत ड्रायव्हर नाही, सहायक नाही. स्वारी बसने आली होती, तेही तत्त्वच. ओळखपत्र नसेल तर बाहेरच्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल, असं दारावरच्या शिपायाने अदबीने सांगितलं. आमदार निमूटपणे रांगेत जाऊन उभे राहिले. आतून त्यांना थोडं बरंही वाटत होतं.

खरं तर दिवस चैनीचा नव्हता. नदीपलीकडचं त्यांचं गाव होडीने ये-जा करायचं. पूर आला की होडी बंद, आणि आजारी माणसाने पाणी ओसरायची वाट बघत पडून राहायचं. पुलाच्या एका शब्दावर लोकांनी त्यांना निवडून दिलं होतं. सभागृहात मतं अगदी काठावर होती. आपला माणूस हात कसा वर करतो ते डोळे भरून बघायला गावची मंडळी सकाळपासून गॅलरीत येऊन बसली होती.

रांग हलता हलेना. त्यात आमदारांनी एका म्हाताऱ्या जोडप्याला पुढे घेतलं, मग एका लेकुरवाळीला, आणि बाईंनी गोड विनंती केली म्हणून शाळेच्या अख्ख्या सहलीला. ओळखीचे एक आमदार गाडीतून उतरले आणि माझ्याबरोबर चला म्हणाले. हा तर उघड वशिला झाला! आमदारांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, ओळखपत्र इथे कोटात सापडलं. नाव सांगा आणि जा आत.”

“तत्त्वात बसत नाही.”

“मग मत द्यायला तत्त्वालाच पाठवा,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

आणि मतदानाची घंटा वाजली. गॅलरीतले चेहरे आमदारांच्या डोळ्यांपुढे आले. खड्ड्यात गेलं तत्त्व, असं पुटपुटत ते रांग मोडून थेट शिपायापुढे उभे राहिले.

“मी कोण आहे, माहीत आहे का तुला?”

“आहे की, साहेब. आलात तेव्हाच ओळखलं.”

“मग आत का नाही सोडलंस?”

“तुमचं भाषण ऐकलं होतं ना. म्हटलं, असा माणूस पहिल्यांदाच भेटलाय, आपल्या हातून त्याचं तत्त्व मोडायला नको.” शिपायाचा चेहरा उतरला होता. “पण तुम्हीच मोडलंत, साहेब.”

उत्तर द्यायला आमदार तिथे होते कुठे? जिना, बोळ, पुन्हा जिना करत धापा टाकत ते सभागृहात शिरले, तर हात वर जात होते. विचारायला वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही हात वर केले. मोजला गेला एकच, पण तेवढा पुरला. ठराव एका मताने मंजूर झाला. आमदारांनी भरल्या डोळ्यांनी गॅलरीकडे बघून नमस्कार केला. वरून कुणी हसलंसुद्धा नाही.

शेजारच्या सभासदाने त्यांची पाठ थोपटली. पुलाचा ठराव मघाशीच फेटाळला गेला होता, एक मत कमी पडून. हा ठराव पुढचा होता. इमारतीचं मागचं कुलूपबंद दार आजपासून फक्त सभासदांसाठी उघडायचं; तिथे रांग नाही, पास नाही, कुणी काही विचारायचं नाही.

“तुम्ही विरोधात जाणार असं आम्ही धरून चाललो होतो,” शेजारी म्हणाला. “फार उपकार झाले.”

संध्याकाळी गावची मंडळी मोठ्या दारासमोर आमदारांची वाट बघत उभी राहिली. दिवे लागले, तरी उभीच होती. आमदार मागच्या दाराने केव्हाच घरी गेले होते.