पोच समजावी

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि दीड महिन्याने त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी सुरू झालेली ही गोष्ट. सासरी निघताना लेक आईच्या गळ्यात पडून रडली आणि वडिलांच्या हातात आपला जुना मोबाइल ठेवून गेली. "तात्या, हिरवं बटण बोलायला, लाल बटण थांबायला. बाकी कशाला हात लावू नका," हे तिने तीनदा सांगितलं. हात लावायचा नव्हता तर बाकीची बटणं बसवली कशाला, असा प्रश्न तात्यांना पडला होता. पण गाडी दारात उभी असताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

तात्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दोन पारडी सारखी नसली की हलक्या पारड्याला खालून शिशाचा तुकडा अडकवतात, त्याला पासंग म्हणतात. असे चार-दोन तुकडे तात्यांच्या खिशात कायम खुळखुळत, म्हणून सारा बाजार त्यांना पासंगतात्या म्हणे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेला काटा गुंजभरही खोटा बोलला नव्हता.

अक्षरं मात्र त्यांना उशिरा भेटली. वजनमापांच्या कचेरीने एके वर्षी ठरवलं की आता अंगठा चालणार नाही, सही लागेल. तेव्हा तात्यांचं वय बावन्न. ते लेकीच्या शाळेच्या पुस्तकावरून शिकले. त्यामुळे वाचायचं झालं की एकेक अक्षर मोठ्याने उच्चारून, जणू पारड्यात टाकून बघत. कचेरीने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. कागद आला की पोच द्यायची. एकदा एका कागदाची पोच द्यायची राहिली आणि त्यांचा परवाना सहा महिने अडकून पडला. तेव्हापासून कुणाचा कागद आला आणि तात्यांनी 'मिळाला' म्हणून लिहून दिलं नाही, असं झालं नाही.

मोबाइलचा खरा उपयोग एकच होता. तात्यांची थोरली बहीण, अक्का, एका दिवसाच्या प्रवासावर एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच तात्यांना वाढवलं होतं. आता तिचे गुडघे गेले होते आणि नजरही जात चालली होती. आकडे दाबून फोन लावणं तिला जमत नसे, हिरवं बटण तेवढं सापडे. म्हणून संध्याकाळी सहाला तात्यांनी फोन करायचा, असं ठरलं. अक्का साडेपाचपासून फोन मांडीवर घेऊन बसे. घंटा वाजायच्या आत "बोल रे" म्हणे.

पहिल्याच आठवड्यात फोनवर निरोप आला. तात्यांनी चष्मा लावला. "न-म-स्का-र. तु-म-चं रो-ज-चं भ-वि-ष्य. तू-ळ रा-स. आ-ज प्र-वा-स टा-ळा-वा."

"यांना कसं कळलं तुमची रास तूळ?" बायकोने विचारलं.

"काटेवाल्याची रास दुसरी कुठली असणार?" तात्या म्हणाले. त्यांची रास खरं तर कुणालाच ठाऊक नव्हती. पण अनोळखी माणसाने आपली चौकशी केली, तर उत्तर न देणं बरं दिसत नाही. लेकीची सूचना आठवली, पण निरोपाला उत्तर देणं म्हणजे काही बटणांना हात लावणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं, 'आपला निरोप मिळाला. पोच समजावी.'

दुसऱ्या दिवशी भविष्याबरोबर हवामानही आलं. तात्यांनी त्याचीही पोच दिली. तिसऱ्या दिवशी वजन घटवण्याचे उपाय आले. मग बाळांची नावं, सोन्याचा भाव, आणि कुठल्याशा दूरच्या मैदानावरच्या सामन्याची धावसंख्या. तात्या सकाळी चहा घेऊन बसत ते दहा वाजेपर्यंत पोचच देत असत.

"कचेरीत नोकरी लागल्यासारखे बसता," बायको म्हणाली. "पगार तरी मिळतो का?"

"अगं, इतकी माणसं आठवण काढतात. दोन ओळी लिहिल्या तर काय बोटं झिजतात?"

अक्कालाही या पत्रव्यवहाराचा फायदा झाला. सहाच्या फोनवर तात्या तिला तिचं म्हणून तूळ राशीचं भविष्य वाचून दाखवू लागले. सख्ख्या भावंडांची रास वेगळी कशी असेल, हा त्यामागचा हिशेब.

मग एका संध्याकाळी अक्का म्हणाली, "आणि हे बघ, महत्त्वाचं म्हणजे..." आणि फोन मुका झाला.

तात्यांनी हलवून पाहिला, कानाला लावला, उलटा करून पाहिला. फोनवरची बाई म्हणाली की शिल्लक संपली आहे. आदल्याच दिवशी महिन्याभराचे पैसे भरले होते. तात्या पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्या बाईकडे धावले, पुन्हा पैसे भरले, घरी येईपर्यंत सात वाजले. फोन लावतात तो शिल्लक पुन्हा शून्य.

त्या दिवशी जेवणं झाली नाहीत. अक्का काय सांगत होती? पडली असेल का? डॉक्टर काही बोलले असतील? "उद्या सकाळी बघू," बायको म्हणाली, पण तिनेही ताट सरकवलं.

सकाळी फोनवर आणखी एक निरोप होता. तात्यांनी सवयीने मोठ्याने वाचला. "जा-नू. ए-क-टा आ-हे-स का? मी-ही ए-क-टी-च आ-हे."

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"कोण ही?" बायको दारात उभी.

"मला काय माहीत? नाव लिहिलेलं नाही."

"आणि तुम्ही काय केलंत? उत्तर दिलंत?"

तात्या आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "आज नाही अजून," ते म्हणाले. "काल दिलं होतं. पोच."

बायकोने पदर खोचला, फोन हातात घेतला आणि नवऱ्यालाही. दोघं रिचार्जवाल्या बाईच्या दुकानात गेले. बाईने निरोप वाचले आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तात्या, ही माणसं नाहीत हो. मशीन आहे. तुम्ही काहीही उत्तर दिलंत की ते हो समजतं आणि रोज पैसे कापतं. नुसता 'बंद' एवढा शब्द पाठवा."

नुसता 'बंद'! दुकानदाराच्या तोंडावर दार आपटावं तसं? तात्यांना ते पटेना. घरी येऊन त्यांनी रीतसर लिहिलं, 'स. न. वि. वि. आपण इतके दिवस आठवण ठेवलीत, आभारी आहे. परंतु बहिणीला फोन करावयाचा असल्याने कृपया सेवा बंद करावी. कळावे, लोभ असावा.'

उलट टपाली उत्तर आलं, 'अभिनंदन! तुमची दुप्पट आनंद योजना सुरू झाली आहे.'

मग मदतीच्या नंबरावर फोन केला, तो फुकट होता. तिथली बाई म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"आमच्यासाठीही," तात्या म्हणाले.

मग गाणं लागलं. ढोलकं बडवत कुणीतरी कुणाला नाचायला बोलावत होतं. मध्येच बाई म्हणाली, "हे गाणं आपलं करायचं असल्यास ताऱ्याचं बटण दाबा." तात्यांना वाटलं, तारा दाबल्याशिवाय माणूस भेटत नसावा. त्यांनी तो दाबला. माणूस भेटला नाही. दुपारी शेजारच्यांच्या फोनवर लेक आली. "आई, तात्यांना फोन लावला की नाचाचं गाणं ऐकू येतं. सासूबाईंनी ऐकलं. माझं लग्न परत मोडायचं आहे का तुम्हाला?"

दोन संध्याकाळी अशाच गेल्या. अक्का मांडीवर फोन घेऊन बसली असेल, हे दोघांच्याही मनात होतं. शेजाऱ्यांच्या फोनवरून तात्यांनी प्रयत्न केला, पण अक्काच्या फोनवर तात्यांची घंटा वेगळी लावलेली होती आणि दुसरी कुठलीही घंटा ती उचलत नसे. अनोळखी माणसाशी बोलू नये, हे तिने तात्यांना लहानपणी शिकवलं होतं आणि स्वतःही पाळत आली होती. तात्यांनी ते ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी तात्या वजनांची पेटी काखोटीला मारून कंपनीच्या कचेरीत गेले. पेटी कशाला, असं बायकोने विचारलं. "रिकाम्या हाताने माझं तोंड उघडत नाही," ते म्हणाले. बायकोही बरोबर निघाली. जानूला ती अजून विसरली नव्हती.

तक्रारीच्या खिडकीवर गळ्यात पट्टा अडकवलेले एक साहेब होते. मागे चाळीसेक माणसांची रांग. साहेबांनी यंत्रात पाहिलं. "काका, तुम्ही एकेचाळीस वेळा संमती दिली आहे."

"संमती नाही दिली. पोच दिली."

"एकच ते."

"एकच कसं? माझ्या दारात कुणी शेळी बांधून गेला आणि मी म्हणालो, बाबा, शेळी दिसली, तर मी ती विकत घेतली का?"

रांगेत कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणीतरी म्हणालं, "माझ्याही दारात तीच शेळी आहे."

तात्यांनी पेटीतून सगळ्यात लहान वजन काढून खिडकीत ठेवलं. "साहेब, एखादा दुकानदार रोज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मालात एवढंसं कमी टाकतो. गिऱ्हाइकाला कळत नाही. आमच्या धंद्यात त्याला काटा मारणं म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात?"

"मूल्यवर्धित सेवा," साहेब म्हणाले. मग त्यांचे त्यांनाच कान लाल झाले. त्यांनी घाईने एक कागद पुढे सरकवला. "सगळं बंद करतो. इथे सही करा. कागद मिळाल्याची नुसती पोच."

तात्या दोन पावलं मागे सरले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. संसाराच्या इतक्या वर्षांत कागद पाहून मागे सरलेला नवरा ती पहिल्यांदाच पाहत होती.

"पोच देणार नाही," तात्या म्हणाले.

"पोच दिल्याशिवाय बंद होत नाही, काका."

"मग आधी वाचतो."

त्यांनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. "ग्रा-ह-का-ने स-द-र अ-र्ज..." वरच्या ओळी झाल्या, मग खालची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आली. ती वाचायला तात्यांनी पेटीतलं भिंग काढलं. रांगेतले पुढचे चार जण ऐकायला खिडकीशी आले. सहाव्या कलमाशी एक जण म्हणाला, "थांबा, थांबा, परत वाचा." तात्यांनी परत वाचलं. "ग्रा-ह-का-ची स्वा-क्ष-री ही न-व्या यो-ज-ने-स सं-म-ती..." रांगेत कुजबुज उठली आणि वाढत गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जेवणाची वेळ टळून पाऊण तास झाला होता. त्यांनी तात्यांच्या हातातून कागद ओढून घेतला, फाडला, आणि यंत्रावर बोटं आपटत भविष्य, हवामान, बाळं, सोनं, जानू आणि गाणं, सगळं बंद केलं. कापलेले पैसेसुद्धा परत टाकले.

"सही?" तात्यांनी विचारलं.

"नको," साहेब हात जोडून म्हणाले. "तुम्ही या आता."

सहाला तात्यांनी फोन लावला.

"बोल रे," अक्का म्हणाली. आवाज जरा ओढलेला होता. "तीन दिवस कुठे होतास?"

"फोनमधले पैसे संपले होते. अक्का, तू त्या दिवशी महत्त्वाचं काय सांगत होतीस?"

"सांगत नव्हते, विचारत होते. महत्त्वाचं म्हणजे, उद्याचं भविष्य काय? तीन दिवस भविष्याशिवाय काढले मी. घाबरून अंगणातसुद्धा गेले नाही."

तात्यांनी फोनकडे पाहिलं. तिथे आता काहीच येणार नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा काटा मारला. "तू-ळ रा-स," ते सावकाश म्हणाले, वाचत असल्यासारखे. "उ-द्या गु-ड-घा क-मी दु-खे-ल. अं-ग-णा-त जा-वं. का-ठी घ्या-वी."

त्यांनी फोन ठेवला. "खोटं वजन दिलं गं मी," ते म्हणाले.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हलक्या पारड्याला तुम्ही खालून अडकवता, त्याला काय म्हणता?"

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी काटे घासता घासता तात्या संध्याकाळचं भविष्य जुळवत. औषध वेळेवर घ्यावं. शेजारणीशी भांडण मिटेल, आपण पहिलं बोलावं. गोड कमी खावं, तुळेला ते सोसत नाही. कंपनीने कधी अक्काच्या शेजारणीचा विचार केला नव्हता, तात्यांनी केला.

दोनेक वर्षांनी एका मंगळवारी काही सुचेना म्हणून त्यांनी सांगितलं, "उ-द्या घ-री पा-हु-णे ये-ती-ल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या आणि बायको अक्काच्या दारात पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि शेजारीण सगळ्यांना चहा देत होती. "काल अक्कांनीच चहा-साखर जास्त आणायला लावली," ती म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून." मग तिने अक्काचा फोन आणून तात्यांच्या हातात दिला. त्यात दीड वर्षाचे निरोप होते, रोज सकाळी आलेले. तुमचं रोजचं भविष्य, तूळ रास. कसं सुरू झालं कोण जाणे, अक्काच्या बोटाने कधीतरी हिरव्याऐवजी दुसरं बटण दाबलं असणार.

"मी वाचून दाखवायचे रोज," शेजारीण म्हणाली. "म्हटलं, अक्का, भाऊ तर भलतंच सांगतो, एकही शब्द जुळत नाही. तर म्हणाल्या, कंपनीला माझा गुडघा कुठे माहीत आहे?"

तात्यांनी चष्मा लावला. अक्काच्या फोनमध्ये त्या सकाळचा निरोपही होता, त्यांनी तो वाचला नाही. रिकाम्या चौकटीत त्यांनी एकेक अक्षर शोधून 'बंद' एवढंच लिहिलं आणि पाठवलं.

अक्का त्या बुधवारी सकाळी नऊ वाजता गेली. धाकट्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्याच्या आठ दिवस आधी.